वेब ॲप्लिकेशन बनवून घ्यायचंय? मग आधी हे वाचा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

फोनवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून हे पान लिहिलंय. मी सांगलीत बसून एकटीच वेब ॲप्लिकेशन बनवते, आधी काही वर्षं हिंजवडीत कंपनीत होते, आता घराच्या माडीवर ऑफिस आहे. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, दूध संकलन, दोन-तीन क्लासेस, एक दवाखाना, मुंबईतली एक हाउसिंग सोसायटी असा सगळा मिसळ कारभार आहे. जे प्रश्न दर आठवड्याला येतात तेवढेच घेतलेत.

वेबसाइट आणि वेब ॲप्लिकेशनमध्ये फरक काय?

वेबसाइट म्हणजे दुकानाबाहेरची पाटी आणि वेब ॲप्लिकेशन म्हणजे गल्ल्यावरची वही. पाटी लोकांनी वाचायची असते, वहीत रोज काहीतरी लिहिलं जातं, खोडलं जातं, बेरीज होते, आणि ती चुकली तर भांडण होतं. मी वह्या बनवते. नुसती पाटी हवी असेल तर माझ्यापेक्षा स्वस्तात करून देणारे गावात चार जण आहेत, नंबर मागा, देते.

पण रेडिमेड सॉफ्टवेअर मिळतं की, कस्टम कशाला?

बरोबर आहे, आणि विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी हेच सांगून परत पाठवते. हिशोब ठेवायचाय? टॅली घ्या. ऑनलाइन कपडे विकायचेत? शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवर वूकॉमर्स, पंधरा दिवसात दुकान उभं राहतं. वीस पोरांच्या क्लासची फी लिहायचीय तर गूगल शीट पुरे, उगाच लाखभर रुपये माझ्या घशात घालू नका.

कस्टम कधी लागतं ते एका गोष्टीवरून सांगते. बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यांनी आधी दोन रेडिमेड सॉफ्टवेअर घेऊन सोडून दिलेली. मालक म्हणाले ऑपरेटरच नीट नाही. मी गेटजवळ दिवाणजींच्या शेजारी स्टूल टाकून तीन दिवस बसले, नुसती बघत. शेतकऱ्याचा एक लॉट आत येतो, समजा ४०० बॉक्स, त्यातले १५० एक व्यापारी घेतो पण लगेच उचलत नाही, माल तिथंच पडून राहतो, लॉट नंबर तोच, मालक बदलला, मग त्या १५० चं भाडं कुठल्या तारखेपासून कुणाच्या नावावर? आणि रजिस्टरमध्ये काही नोंदींना लाल पेनने गोल केलेला. विचारलं हे काय, तर दिवाणजी म्हणाले, "सौदा झालाय पण पैसे आले न्हाईत, माल सोडायचा न्हाई." हा लाल गोल कुठल्याच रेडिमेड सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, आणि त्या गोलावरच सगळा धंदा चालला होता! ऑपरेटर बिचारा सॉफ्टवेअर सोडून परत रजिस्टर का उघडायचा ते तिथं कळलं.

तुमच्या रजिस्टरमध्ये असा लाल गोल असेल तर कस्टम घ्या. नसेल तर रेडिमेड बघा.

खर्च किती येतो?

माझ्याकडे छोटं काम ६० हजार ते दीड लाख, मधलं काम दोन ते पाच लाखात बसतं. त्यापुढचं असेल तर एकटीनं घेत नाही. "किती स्क्रीन आहेत त्यावर रेट सांगा" असं बरेच जण म्हणतात पण स्क्रीनला काही लागत नाही हो, लागतं ते नियमांना. दूध डेअरीचा फॅट-एसएनएफचा (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) दरतक्ता असलेली एकच स्क्रीन दहा साध्या स्क्रीनना भारी पडते, कारण ३.५ फॅट ८.५ एसएनएफला एक दर, त्याच्या वर खाली प्रत्येक पॉइंटला वेगळी वाढ घट, फॅट ठराविक आकड्याच्या खाली गेला की वेगळीच कपात, आणि हा तक्ता महिन्याच्या मधे बदलतो पण आधीच्या दिवसांचं बिल जुन्याच दराने निघायला पाहिजे.

म्हणून आधी ८ हजार घेऊन चार-पाच दिवस फक्त काम समजून घेते आणि लिहून देते. पुढचं काम माझ्याकडेच केलं तर ते वजा होतात. नाही केलं तरी तो कागद तुमचा, तो दुसऱ्या कुणाकडंही घेऊन जा.

शिवाय दरवर्षीचे खर्च वेगळे: डोमेन (म्हणजे तुमच्या साइटचं इंटरनेटवरचं नाव), सर्व्हर, एसएमएस. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर पेमेंट गेटवेवाले साधारण दोन टक्के कापतात आणि त्या कापलेल्यावर परत १८ टक्के जीएसटी, हे फीच्या रकमेत आधीच धरा, नंतर "ताई हजार भरले तर कमी कसे जमा झाले" म्हणून मला फोन येतो. माझ्या बिलावरही १८ टक्के जीएसटी लागतो, मी नोंदणी केलीये.

पैसे कसे द्यायचे?

३० टक्के आधी, ३० चालतं कच्चं रूप दाखवल्यावर, ३० चालू करताना, १० एक महिना वापरून झाल्यावर. शेवटचे दहा टक्के मुद्दाम ठेवलेत, तेवढा दोरा तुमच्या हातात असला की मी पण फोन उचलते. टीडीएस कापत असाल तर खुशाल कापा, फक्त तो भरा सुद्धा, माझ्या पॅनवर दिसला पाहिजे. एकदा कापलेला टीडीएस दोन वर्षं कुणाच्या तरी खिशातच फिरत होता.

किती दिवसात होईल?

दीड महिना ते चार महिने. उशीर कोडमुळे क्वचित होतो, उशीर होतो तो "उद्या पाठवतो" मुळे, म्हणजे दरतक्ता, सभासदांची यादी, जुन्या पावत्या वगैरे. गणपतीत फोन करून दिवाळी पाडव्याला चालू करायचं म्हणणाऱ्यांना मी हात जोडते.

आणि हंगामात चालू करायचं नाही, ही माझी अट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या गाड्या गेटवर लागलेल्या असताना नवीन सॉफ्टवेअर शिकवायला गेले तर दिवाणजी मला गेटबाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. मंदीच्या महिन्यात चालू करायचं, एक महिना वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही लिहायचं, रोज संध्याकाळी दोन्हीची बेरीज लावून बघायची. सलग पंधरा दिवस जुळली की मग वही बंद.

काम चालू असताना "एवढंच एक बटण वाढवा की" चालेल का?

चालेल, पण बटणाची किंमत नसते, बटणाच्या मागे काय आहे त्याची असते. "बिल कॅन्सल" चं बटण घ्या. दिसायला एक लाल चौकोन. पण कॅन्सल झाल्यावर माल परत स्टॉकमध्ये जाणार का, पैसे आले असतील तर ते जमा म्हणून राहणार का परत द्यायचे, बिलाचा नंबर मोकळा सोडायचा का त्यावर कॅन्सल असा शिक्का ठेवायचा (शिक्काच ठेवायचा, नंबर गायब झाला की सीए विचारतो), जीएसटी रिटर्न भरून झालेल्या महिन्याचं बिल कॅन्सल करू द्यायचं का, आणि मुख्य म्हणजे कुणाला करू द्यायचं, मालकाला का गल्ल्यावरच्या पोराला? एवढं सगळं त्या एका चौकोनात आहे. त्यामुळे लहान बदल मी यादीत लिहून ठेवते, पाच-सहा जमले की एकदम बघते, मोठा असेल तर वेगळा रेट सांगते. फोनवर सांगितलेलं काम मी धरत नाही, व्हॉट्सॲपला एक ओळ टाका.

सगळं मराठीत होईल का?

होईल. आणि हा माझा आवडता प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावते, घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

पहिली अडचण जुन्या डेटाची. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या याद्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फाइलमध्ये खरं म्हणजे मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा घातलेला असतो, फॉन्ट काढला की नुसता कचरा दिसतो. ते युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर आहेत पण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, त्यामुळे कुणीतरी डोळ्याखालून घालावंच लागतं. या कामाचे मी वेगळे पैसे लावते आणि ते जास्त वाटतात, माहितीये मला.

दुसरी म्हणजे नावं शोधणं आणि लावणं. कॉम्प्युटरच्या अक्षरक्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. म्हणजे कॉम्प्युटरवर सोडलं तर यादी काळे, कावळे, काशीद अशी लागते आणि मराठी क्रमाने ती कावळे, काशीद, काळे अशी पाहिजे. सभासदांच्या यादीत काळेकाकांना आपलं नाव जागेवर सापडलं नाही की ते सरळ म्हणतात यादी चुकलीये. तसंच "कऱ्हाडे" मधला ऱ्ह सगळ्यांना टाइप करता येत नाही, कुणी "कर्हाडे" लिहितं, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. हे सगळं आधीच सांभाळावं लागतं.

तिसरी पावती. स्क्रीनवर छान दिसणारं मराठी पीडीएफमध्ये गेलं की मोडतं, कारण पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच जुन्या लायब्ररींना (म्हणजे तयार कोडच्या संचांना) जोडाक्षरं कळत नाहीत. माझ्या पहिल्याच कामात "शिंदे" ची वेलांटी श च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसली होती, अशा तीनशे पावत्या छापून वाटून झाल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून मी पावती ब्राउझरकडूनच छापून घेते, क्रोमला मराठी नीट येतं. फॉन्ट बहुतेक वेळा "मुक्त" नावाचा घालते, मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलाय, फुकट आहे आणि लहान आकारातही वाचता येतो.

चौथी एसएमएस. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, त्यापुढे गेलात की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. आणि ती ७० सुद्धा आपण मोजतो तशी नाहीत, काना-मात्रा वेगळी मोजली जाते. "श्री" हे आपल्याला एक अक्षर, तिथं ती चार होतात: श, हलन्त, र आणि वेलांटी. "श्री. अमुक अमुक यांना सप्रेम नमस्कार" एवढ्यातच निम्मा एसएमएस संपतो, म्हणून नमस्कार काढा, आकडे ठेवा. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर तुमच्या संस्थेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर सगळं आधी मंजूर करून घ्यावं लागतं. त्याला वेळ जातो, ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

कोड कुणाच्या मालकीचा?

हे लोक सगळ्यात शेवटी विचारतात, विचारलं तर. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला असं वाटतं पण तसं नाहीये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर हे साहित्यकृतीत धरलंय, आणि नोकरीवरचा माणूस असेल तर हक्क मालकाचा, पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलं असेल तर लेखी हस्तांतर केल्याशिवाय पहिला हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचाच राहतो. तोंडी चालत नाही, सही लागते. त्यातही गंमत म्हणजे करारात मुदत लिहिली नाही तर ते हस्तांतर ५ वर्षांचंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. माझ्या करारात हे तिन्ही लिहिलेलं असतं, शेवटचा हप्ता आला की कोड तुमचा, कायमचा, सगळीकडं. माझ्याकडंच काम करा असं नाही, पण ज्याच्याकडं कराल त्याच्याकडून एवढ्या तीन ओळी लिहून घ्याच.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे डोमेन. ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डने घ्यायचं. माझ्याकडं एक क्लासवाले सर आले होते, आठ वर्षं चालवलेलं डोमेन आधीच्या डेव्हलपरच्या खात्यात, तो परदेशात गेला, फोन लागेना, मुदत संपली आणि नाव दुसऱ्याच कुणीतरी उचललं. सरांच्या भिंतीवर, बॅगांवर, पाठ्यपुस्तकांच्या कव्हरवर तेच नाव छापलेलं. मी काहीच करू शकले नाही, नवीन नाव घेऊन दिलं आणि चहा पाजला. सर्व्हर, एसएमएसचं खातं, गेटवे, कोड ठेवायचं गिटहबचं खातं, सगळं तुमच्याच नावाने काढायचं, मला फक्त आत यायची परवानगी द्यायची, भांडण झालं तर एका क्लिकमध्ये मला बाहेर काढता आलं पाहिजे.

डेटा सुरक्षित राहील का? ऑफिसमधल्याच कॉम्प्युटरवर ठेवलेला बरा ना?

सांगलीत राहून हे विचारता? ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पेठेतल्या एका दुकानदाराचा सर्व्हर टेबलाखाली, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी उतरल्यावर त्यांनी ती डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवून माझ्याकडे आणली. चिखल वाळून कडक झालेला होता. काही निघालं नाही, शेवटी गिऱ्हाइकांकडच्या बिलांच्या कार्बन कॉप्यांवरून उधारी परत लिहून काढली, जी लोकांनी दाखवली ती.

म्हणून डेटा मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, रोज रात्री बॅकअप, आणि तो बॅकअप दुसऱ्या शहरात दुसऱ्या कंपनीकडं. आणि महिन्यातून एकदा मी तो बॅकअप उघडून बघते, उघडतोय का. हे का, तर ३१ जानेवारी २०१७ ला लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला गेला आणि मग कळलं की बॅकअपच्या ज्या चार-पाच पद्धती होत्या त्यातली धड एकही चालत नव्हती, सहा तासांचं काम गेलं. त्यांचं होतं तर आपलं काय.

दवाखाना किंवा क्लास असेल तर लोकांची खासगी माहिती तुमच्याकडं असते, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. घाबरवत नाही, पण नको असलेली माहिती मागूच नका. क्लासच्या फॉर्मवर आधार नंबर कशाला लागतो हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.

कुठल्या टेक्नॉलॉजीत करता?

लॅराव्हेल (पीएचपी भाषेतला तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). जुनं, कंटाळवाणं आणि टिकाऊ, उद्या मी नसले तरी कोल्हापूर-पुण्यात कुणीही हातात घेईल असं.

एआयने हे फुकटात होत नाही का? भाचा म्हणतो दोन दिवसात करून देतो

होतं की. मी पण वापरते, फॉर्म, रिपोर्ट, चाचण्या लिहायला भरपूर वेळ वाचतो आणि त्याचा फायदा रेटमध्ये दिलाय. एका ठिकाणी भाच्याने केलेलं माझ्याकडं तपासायला आलं होतं, दिसायला माझ्यापेक्षा देखणं, खोटं कशाला बोलू. दोन गोष्टी सापडल्या. एक, पैसे दशांश अपूर्णांकात ठेवलेले. कॉम्प्युटरला त्या प्रकारात ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं, हजारो बिलांची बेरीज झाली की पैसे जुळत नाहीत, म्हणून पैसे नेहमी पैशात पूर्णांकात ठेवायचे, रुपयात नाही. दुसरी जास्त वाईट: बिल उघडल्यावर वरच्या पत्त्यात शेवटी ११२ असा आकडा होता, मी तो ११३ केला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल नावा-फोनसकट समोर. लॉगिन होतं पण हे बिल याचंच आहे का हे कुणी विचारतच नव्हतं. भाचा हुशार आहे, त्याला दोन दिवस शेजारी बसवून दुरुस्त करून घेतलं, आता तोच सांभाळतो. तुमचाही भाचा असेल तर असं फक्त तपासायचं कामही मी घेते.

मोबाइल ॲप पण लागेल का?

बहुतेक नाही. वेब ॲप्लिकेशनच फोनवर चिन्ह ठेवून ॲपसारखं उघडतं. प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरवर टाकायचंच असेल तर गूगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात, आणि वर त्यांचे बदलते नियम सांभाळा.

नेट गेलं की काम बंद?

संकलन केंद्रासारख्या ठिकाणी नाही. सकाळी सहाला रांग लागलेली असताना नेटची वाट बघता येत नाही, तिथं नोंद आधी फोनमध्येच साठते आणि नेट आलं की वर जाते. ही सोय महाग पडते, त्यामुळे खरंच गरज आहे तिथंच घाला. ऑफिसात बसून चालणाऱ्या कामाला हॉटस्पॉट बास.

टॅलीला जोडता येईल?

येईल. टॅली चालू असलेल्या कॉम्प्युटरवर ती ठरलेल्या पोर्टवर (म्हणजे जोडणीच्या नंबरवर), सहसा ९०००, एक्सएमएल या स्वरूपात डेटा घेते. रात्री दिवसाची बिलं एकदम पाठवायची. फक्त खात्यांची नावं दोन्हीकडं तंतोतंत एकच पाहिजेत, "पाटील ट्रेडर्स" आणि "पाटील ट्रेडर्स." यातला तो टिंब सुद्धा चालत नाही.

तुम्ही एकट्याच आहात, उद्या आजारी पडलात तर?

रास्त प्रश्न. गेल्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा बारा दिवस कामाला हात लावला नव्हता, सगळं चालू राहिलं कारण चालू असलेलं सॉफ्टवेअर आपोआप थांबत नाही, पण नवीन काम मात्र तेवढं पुढं गेलं. माझ्या ओळखीच्या दोघा फ्रीलान्सरशी ठरवलंय, अडचणीला एकमेकांचं बघायचं. सगळी खाती तुमच्या नावावर असल्यामुळे त्यांना आत घेणं पाच मिनिटाचं काम आहे. देखभालीचे वर्षाला कामाच्या १५ टक्के घेते, त्यात अपडेट आणि बॅकअप येतं. हे नको म्हणणारे असतात, मग मी लिहून घेते. अपडेट न केल्याचं उदाहरण म्हणजे पीएचपी भाषेची ७.४ ही आवृत्ती, तिला सुरक्षेचे अपडेट मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलंय आणि मला अजून त्यावर चालणारी दुकानं दिसतात.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

टाइप केलेली फीचर्सची यादी आणू नका, ती सगळ्यांची सारखीच असते, डॅशबोर्ड, रिपोर्ट, नोटिफिकेशन. एक भरलेलं रजिस्टर आणा, मागच्या हंगामातलं, खाडाखोड केलेलं, कडेला बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. आणि ते जो लिहितो त्याला घेऊन या, मालक नाही आले तरी चालेल. रविवारी आणि गणपतीचे पाच दिवस फोन बंद असतो, बाकी कधीही या, येताना जिन्यातली तिसरी पायरी सांभाळा, ती हलते.